गॅस येतो, पण पेटत नाही : कोंबडीची विष्ठा, अमोनिया आणि गोबर गॅसमधील मंदावलेले सूक्ष्मजीव

आमच्या मामांच्या मळ्यात २ घनमीटर क्षमतेचे दीनबंधू पद्धतीचे, म्हणजे जमिनीत बांधलेल्या पक्क्या घुमटाचे, गोबर गॅस संयंत्र आहे. चार जनावरांच्या शेणावर घरातला दोन वेळचा स्वयंपाक कित्येक वर्षे बिनबोभाट होत होता. दोन जनावरे विकल्यावर शेण निम्म्यावर आले, तेव्हा मामांनी जवळच्या पोल्ट्रीतून रोज पंचवीसेक किलो ताजी विष्ठा आणून तूट भरून काढली. पहिले तीन आठवडे गॅस इतका वाढला की मामी अंघोळीच्या पाण्याचे हंडेही त्याच शेगडीवर तापवू लागल्या. सहाव्या आठवड्यात मात्र ज्योत शेगडीवर टिकेना. काडी लावली की ती भपकन उडायची आणि विझायची. बाहेरच्या टाकीतला शेणकाला पूर्वी रोज सकाळी गॅसच्या दाबाने वरच्या पायरीपर्यंत चढलेला असे, तो आता वीतभर खालीच राहू लागला. मी गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, "गॅस येतोय रे, पण पेटत नाही."

पाइप फुटला नव्हता, घुमटाला चीर गेली नव्हती, पाणी साचून नळीही तुंबली नव्हती. बिघाड होता तो घुमटातल्या सूक्ष्मजीवांच्या कामात, आणि त्याचे कारण होते अमोनिया.

हा विषय आता एका घराच्या शेगडीपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'सतत' ही योजना आणून ५,००० कॉम्प्रेस्ड बायोगॅस प्रकल्पांचे उद्दिष्ट ठेवले. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात 'गोबरधन' योजनेखाली ५०० नव्या प्रकल्पांची घोषणा झाली. २०२५-२६ पासून शहरातील गॅस वितरण कंपन्यांना वाहनांच्या आणि घरगुती नळाच्या गॅसमध्ये १ टक्का बायोगॅस मिसळणे बंधनकारक करण्याचे ठरले, आणि हे प्रमाण २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर न्यायचे आहे. एवढा गॅस केवळ शेणावर निघणार नाही. साखर कारखान्यांचे प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ), हॉटेलातले उरलेले अन्न, भाजी मंडईतला कचरा, मासळी बाजारातला कचरा आणि पोल्ट्रीची विष्ठा हे सारे त्यात येणार आहे. यांपैकी काही पदार्थांत नायट्रोजन इतका असतो की प्रकल्पाच्या आखणीतच त्याचा विचार झाला नाही, तर मामींची तक्रार कोट्यवधी रुपयांच्या प्रकल्पातही ऐकू येईल.

घुमटाच्या आत काय चालते

हवा नसलेल्या बंद जागेत सूक्ष्मजीवांनी सेंद्रिय पदार्थ कुजवून त्यातून मिथेन हा जळणारा वायू काढणे याला विनॉक्सी पचन म्हणतात. हे एका जिवाचे काम नसून टोळीचे काम आहे. ऊसतोडीचा हंगाम डोळ्यांपुढे आणला की ते लवकर कळते. फडात काही जण ऊस तोडतात, काही मोळ्या बांधतात, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर तो वाहून नेतो आणि शेवटी कारखाना गाळप करतो. घुमटातही पहिली टोळी मोठे पदार्थ तोडते, म्हणजे प्रथिने, पिष्ट आणि चरबी यांचे लहान तुकडे करते. दुसरी टोळी त्या तुकड्यांपासून निरनिराळी आम्ले बनवते, तर तिसरी त्या आम्लांचे मुख्यतः ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन करते. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल. शेवटी उरते गाळप, आणि ते करतात मिथेनजनक सूक्ष्मजीव.

हे मिथेनजनक दिसायला जीवाणूंसारखे असले तरी जीवाणू नव्हेत. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये त्यांच्या जनुकीय रचनेवरून दाखवून दिले की हा जीवसृष्टीचा एक स्वतंत्र गट आहे. पुढे त्याला आर्किया हे नाव मिळाले. संख्येने आणि वाढीच्या वेगाने ते टोळीत सर्वांत मागे असतात. आम्ल बनवणारे जीवाणू काही तासांत दुप्पट होतात, पण ॲसेटिक आम्लावर जगणाऱ्या मिथेनजनकांना त्यासाठी दिवस लागतात. शिवाय प्रतिकूल परिस्थितीत सर्वांत आधी तेच कोलमडतात. कारखाना बंद पडला म्हणून तोडणी लगेच थांबत नाही, गाड्यांची रांग वाढत जाते आणि ऊस वाळतो. घुमटात मिथेनजनक मंदावले की आम्लांची अशीच रांग लागते. कार्बन डायऑक्साइड तयार होत राहतो, त्यामुळे थोडाफार गॅस येतो. नेहमी ५५ ते ६० टक्के असणारा मिथेनचा वाटा घसरत जातो, आणि तो पुरेसा घसरला की गॅस येऊनही पेटत नाही.

एवढा अमोनिया येतो कुठून

बाहेरून कोणी अमोनिया टाकत नाही; तो खाद्यातूनच निघतो. प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. प्रथिने कुजली की त्यांतला कार्बन गॅसच्या वाटेला जातो, पण नायट्रोजनला हवेविना दुसरी वाट नसते आणि तो अमोनिया होऊन द्रवातच राहतो. गाई-म्हशींचे मूत्र वेगळे पडते आणि शेणात मुख्यतः न पचलेला चारा असतो. पक्ष्यांचे तसे नाही. कोंबडीला वेगळे मूत्र नसते. शरीरातला जादा नायट्रोजन ती यूरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच टाकते. विष्ठेवर दिसणारा पांढरा थर तोच. घुमटात गेल्यावर त्याचाही अमोनिया होतो. पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात, त्यामागे हीच क्रिया आहे.

पदार्थात नायट्रोजनच्या किती पट कार्बन आहे, हे कार्बन-नायट्रोजन गुणोत्तराने सांगतात. विनॉक्सी पचनाला ते २० ते ३० च्या दरम्यान मानवते. शेणाचे गुणोत्तर साधारण २० ते २५ असते. गोबर गॅससाठी शेण इतके सोयीचे ठरले त्याचे हे एक मोठे कारण आहे. कोंबडीच्या ताज्या विष्ठेचे ८ ते १० असते, भाताच्या पेंढ्याचे ७० च्या पुढे, तर उसाचे पाचट त्याहूनही कार्बनबहुल.

अमोनिया तर खत आहे, मग तो घातक कसा?

ही शंका रास्त आहे. सूक्ष्मजीवांनाही वाढीसाठी नायट्रोजन लागतो आणि मिथेनजनक तो अमोनियातूनच घेतात. आमटीत मीठ हवेच, पण मूठभर पडले की तीच आमटी तोंडात घालवत नाही; येथेही प्रश्न प्रमाणाचा आहे. अमेरिकेतील पर्यावरण अभियंते पेरी मॅककार्टी यांनी १९६४ मध्ये दिलेली मार्गदर्शक मर्यादा आजही वापरली जाते. त्यांच्या मते, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत अमोनिया-नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन) उपकारक असतो, १,५०० ते ३,००० मिलिग्रॅम असताना द्रव अल्कधर्मी झाल्यास तो काम मंदावतो आणि ३,००० च्या पुढे विषारी ठरतो. नंतरच्या संशोधनाने ही शेवटची रेघ बरीच पुसट केली आहे, त्याविषयी पुढे येईलच.

घातकपणाचे मूळ मात्र एकूण अमोनियात नसून त्याच्या रूपात आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो. एका रूपात त्याला एक प्रोटॉन चिकटलेला असतो आणि त्यामुळे त्यावर धन विद्युतभार असतो, हे अमोनियम. दुसऱ्या रूपावर भार नसतो; तो मुक्त अमोनिया. सूक्ष्मजीवाच्या पेशीभोवतीचे तेलकट आवरण भार असलेल्या अमोनियमला सहजी आत येऊ देत नाही. मुक्त अमोनिया त्यातून विनाअडथळा आत शिरतो, आतल्या पाण्यातला प्रोटॉन पकडतो आणि स्वतः अमोनियम होऊन अडकतो. त्यामुळे पेशीच्या आतले आम्ल-अल्क संतुलन ढळते. ते सावरण्यासाठी पेशीला आयनांची ने-आण करावी लागते, त्यात आतले पोटॅशियम बाहेर जाते, आणि या ने-आणीला ऊर्जा लागते. मिथेनजनकांना त्यांच्या कामातून मिळणारी ऊर्जा मुळातच तुटपुंजी असते. भोक पडलेल्या होडीत नावाड्याचे दोन्ही हात पाणी उपसण्यात गुंतले, तर वल्हे कोण मारणार? पेशी लगेच मरत नाही, पण मिथेन बनवण्याचे काम मागे पडते.

मामांच्या खाद्याचा हिशेब

वहीत मांडलेला हा हिशेब ढोबळ आहे, पण उद्बोधक आहे. पूर्वी रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी जात असे. ताज्या शेणात किलोमागे सुमारे ४ ग्रॅम नायट्रोजन धरला, तर रोज २०० ग्रॅम, म्हणजे काल्याच्या प्रत्येक लिटरमध्ये २ ग्रॅम. त्यातला निम्मा अमोनियात रूपांतरित होतो असे मानले, तर लिटरमागे १,००० मिलिग्रॅम. नंतर २५ किलो शेण आणि २५ किलो विष्ठा जाऊ लागली. ताज्या विष्ठेत किलोमागे सुमारे १५ ग्रॅम नायट्रोजन असतो. एकूण नायट्रोजन झाला रोज ४७५ ग्रॅम, आणि विष्ठेतला नायट्रोजन अधिक सहज मोकळा होत असल्याने लिटरमागे अमोनिया झाला साधारण २,९०० मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ तिप्पट.

आता मुक्त अमोनिया पाहू. द्रवाचे आम्ल-अल्कपण मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात. ७ म्हणजे उदासीन, त्यावर अल्कधर्मी. तापमान ३५ अंश सेल्सिअस आणि सामू ७.२ असताना एकूण अमोनियापैकी पावणेदोन टक्के मुक्त असतो, तर सामू ८ झाला की १० टक्के. शेणावर चालताना मुक्त अमोनिया लिटरमागे १७ मिलिग्रॅमच्या आसपास होता. विष्ठा आल्यावर अमोनियाने स्वतःच सामू ८ च्या जवळ नेला आणि मुक्त अमोनिया २९० मिलिग्रॅमवर गेला. एकूण अमोनिया तिप्पट, पण पेशीत शिरणारा अमोनिया सोळा-सतरा पट! माझ्या मते या विषयात हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सामूची ही चढण साध्या अंदाजात कोणाच्या लक्षात येत नाही.

मग पहिले तीन आठवडे गॅस वाढला कसा? प्रथिनांपासून मिथेन चांगला निघतो, त्यामुळे विष्ठा हे खरोखरच सकस खाद्य आहे. आणि अमोनिया एका दिवसात साठत नाही. चाळीस तांबे पाणी मावणाऱ्या रांजणातून रोज एक तांब्या काढून त्याऐवजी मिठाच्या पाण्याचा तांब्या ओतत गेल्यास, चाळीस दिवसांनी रांजणातला खारटपणा ओतलेल्या पाण्याच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो आणि ऐंशी दिवसांनी ८६ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडच्या घरगुती संयंत्रात काला साधारण ४० दिवस राहतो. म्हणून खाद्य बदलल्यावर पहिल्या महिन्यातील भरघोस गॅस पाहून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. मोठ्या प्रकल्पाची चाचणीही तीस दिवसांत उरकू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

"सामू तर उत्तम आहे, मग बिघाड कसा?"

गोबर गॅस बिघडला की जाणकार माणूस प्रथम सामू पाहतो. शेणाच्या संयंत्रात जास्त खाद्य पडून आम्ले साठली की सामू घसरतो आणि कागदी पट्टी ते लगेच दाखवते. अमोनिया जास्त असताना मात्र ही खूण चालत नाही. अमोनिया अल्कधर्मी असल्यामुळे साठलेल्या आम्लांना तो जागच्या जागी शमवतो. मी मामांच्या टाकीतल्या काल्यात पट्टी बुडवली तेव्हा ती हिरवट निळी झाली, म्हणजे सामू ८ च्या आसपास. त्याच वेळी काल्याला अमोनियाच्या झोंबणाऱ्या वासाखाली एक आंबूस, कुबट दर्पही होता. आत आम्लांची रांग लागलेली होती आणि पट्टीवर तिचा मागमूस नव्हता. म्हणूनच मोठ्या प्रकल्पांत केवळ सामू न पाहता साठलेली आम्ले आणि ती शमवण्याची द्रवाची क्षमता यांचे गुणोत्तर आठवड्यातून एक-दोनदा तपासतात, आणि गॅसमधील मिथेनची टक्केवारी रोज पाहतात.

येथे एक चूक वारंवार होते. आंबूस वास आला की "चुना टाका" असा सल्ला मिळतो. आम्लामुळे सामू खरोखर घसरला असेल तर तो योग्य आहे. अमोनियाने त्रस्त झालेल्या संयंत्रात मात्र चुन्याने सामू आणखी चढतो, अमोनियम प्रोटॉन सोडून मुक्त अमोनिया होतो आणि जे मिथेनजनक कसेबसे तग धरून होते तेही बसतात. पट्टी लावून सामू पाहिल्याशिवाय चुन्याची पिशवी उघडू नये. चुना मामांनीही आणून ठेवला होता. सुदैवाने पिशवीची शिवण तशीच होती.

बंद पडत नाही, मंद पडते

अमोनियाचा त्रास बहुतेक वेळा सपशेल बिघाडाच्या रूपात येत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मुक्त अमोनियाने मिथेनजनक मंदावतात, त्यामुळे आम्ले साठतात. साठलेल्या आम्लांनी सामू थोडा उतरतो, त्यामुळे मुक्त अमोनिया घटतो आणि मिथेनजनकांना किंचित उसंत मिळते. या ओढाताणीतून एक समतोल बसतो. संयंत्र चालू राहते, पण कमी गॅस देत राहते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून एकच मार्गिका खुली राहावी तसे हे असते. वाहने पुढे सरकतात, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला घाट चालू दिसतो. अशा अवस्थेत एखादा प्रकल्प महिनोन् महिने चालू शकतो आणि चालवणाऱ्याला वाटते की या खाद्यातून एवढाच गॅस निघतो. तोटा डोळ्यांना दिसत नाही, आणि न पचलेली आम्ले स्लरीबरोबर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या काल्याबरोबर, वाहून जातात.

ऊब वाढवली तर काम वेगाने होणार नाही का?

थंडीत गॅस कमी येतो हे सर्वांच्या अनुभवाचे आहे, त्यामुळे ही शंका स्वाभाविक आहे. काही मोठे प्रकल्प मुद्दाम ५० ते ५५ अंशांवर चालवतात. त्या तापमानाला पचन झपाट्याने होते आणि रोगजंतूही अधिक मरतात. परंतु तापमान वाढले की मुक्त अमोनियाचा वाटाही वाढतो. सामू ८ असताना ३५ अंशांना जो १० टक्के असतो, तोच ५५ अंशांना सुमारे २८ टक्के होतो. प्रेसमड किंवा शेणासाठी ते तापमान मानवेल. निव्वळ पोल्ट्री विष्ठेसाठी किंवा मासळीच्या कचऱ्यासाठी ते धोक्याचे आहे. अशा खाद्यावर चालणाऱ्या उष्ण संयंत्राचे तापमान काही अंशांनी उतरवताच गॅस सुधारल्याचे अनुभव आहेत, त्याचे कारण हेच.

पाणी ओतले की झाले, नाही का?

पातळ केल्याने अमोनिया नक्कीच कमी होतो आणि घरगुती संयंत्रात तो सर्वांत सोपा उपाय आहे. पण कोंबडीच्या ताज्या विष्ठेतील अमोनिया शेणकाल्याच्या पातळीवर आणण्यासाठी तिच्या कित्येक पट पाणी लागते. तेवढे पाणी घातले तर काला घुमटात राहण्याचे दिवस घटतात आणि सावकाश वाढणारे मिथेनजनक वाढण्याआधीच बाहेर वाहून जातात. दिवस टिकवायचे तर हौद मोठा बांधावा लागतो. शिवाय मार्च ते जूनमध्ये जिथे पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो, तिथे गोबर गॅससाठी रोज शेकडो लिटर पाणी मागणे न्याय्यही नाही.

म्हणून अनेक प्रकल्प स्लरी गाळून तिचेच पाणी पुन्हा खाद्य कालवण्यासाठी वापरतात. पाण्याची बचत होते, पण त्या पाण्यात विरघळलेला अमोनिया पुन्हा हौदात येतो. प्रत्येक फेरीला तो वाढत जातो. फिरवलेले पाणी वापरायचे असेल, तर त्यातला अमोनिया आधी काढण्याची सोय हवीच. ती अशी : ते पाणी गरम करून त्यातून हवा फुंकतात, निघालेला अमोनिया गंधकाम्लात शोषून घेतात आणि त्याचे अमोनियम सल्फेट होते. शेतकऱ्यांना ते खत म्हणून चांगले परिचयाचे आहे. मोठ्या प्रकल्पाला हा खर्च झेपतो, घरगुती संयंत्राला नाही.

"सूक्ष्मजीवांना सवय होते" हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, आणि १९६४ ची ती रेघ पुसट झाली ती यामुळेच. मिथेनचे उत्पादन निम्म्यावर आणणारे एकूण अमोनियाचे प्रमाण निरनिराळ्या प्रयोगांत लिटरमागे १.७ ग्रॅमपासून १४ ग्रॅमपर्यंत आढळले आहे. एवढी तफावत सामू, तापमान आणि सूक्ष्मजीवांना मिळालेला सवयीचा काळ यांतील फरकामुळे पडते.

सवय होते म्हणजे नेमके काय होते, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते. सामान्य संयंत्रात सुमारे ७० टक्के मिथेन ॲसेटिक आम्ल थेट फोडून तयार होतो. हे काम करणारे मिथेनजनक अमोनियाला सर्वांत हळवे असतात. अमोनिया वाढला की तो हमरस्ता बंद होतो. स्वीडनमध्ये उप्साला येथील कृषी विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की अशा वेळी एक आडवाट खुली होते. काही विशिष्ट जीवाणू ॲसेटिक आम्लाचे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात, आणि अमोनिया अधिक सोसणारे दुसरे मिथेनजनक त्या दोहोंपासून मिथेन बनवतात. आडवाटेने जाणारे हे दोन्ही जीव या कामात एकमेकांवर अवलंबून असतात, कारण हायड्रोजन साठला तर पहिल्याचे काम थांबते आणि तो मिळाला नाही तर दुसऱ्याचे. एकाच क्रियेतून सुटणारी मोजकी ऊर्जा दोघांना वाटून घ्यावी लागत असल्यामुळे त्यांची वाढ फार सावकाश होते. ही जोडी हौदात रुजायला आठवडे, कधी महिने लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. विष्ठेचे प्रमाण वाढवायचे तर ते दर पंधरवड्याला थोडे थोडे वाढवावे, एकदम निम्मे करू नये. आणि नवे संयंत्र सुरू करताना ज्याला आधीच अमोनियाची सवय झाली आहे अशा संयंत्राची स्लरी विरजण म्हणून आणावी. दुधाला आपण ज्या घरचे दही चांगले लागते त्या घरचे विरजण मागतो, तसेच हे. एवढे करूनही सवयीला मर्यादा असतात. खाद्याचा मेळ बसवणे त्याने टळत नाही.

शेगडी पुन्हा पेटण्यासाठी

मामांनी पहिले दहा दिवस विष्ठा पूर्ण बंद केली आणि खाद्यही निम्म्यावर आणले, जेणेकरून साठलेली आम्ले आधी संपावीत. बाहेरच्या टाकीतून रोज काही बादल्या काला उपसून खड्ड्यात टाकला आणि त्याच्या जागी शेजारच्या गोठ्यातले ताजे शेण पाण्यात कालवून सोडले. शेणाने येथे तीन कामे केली. अमोनिया पातळ झाला, कार्बन मिळाला, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेनजनक मुळातच राहत असल्यामुळे कामकरीही नव्याने दाखल झाले. निकेल, कोबाल्ट यांसारखी जी मूलद्रव्ये मिथेनजनकांना अत्यल्प प्रमाणात लागतात, त्यांचीही शेणाने भर पडते. तिसऱ्या आठवड्यात ज्योत टिकू लागली, तरी सगळा स्वयंपाक पूर्वीसारखा होण्यास दोन महिने गेले. आता पंचेचाळीस किलो शेणाला पाच किलो विष्ठा जाते. शेण कमी पडते त्या दिवशी मामा विष्ठा वाढवत नाहीत; खाद्यच कमी घालतात.

शेण मिळत नसेल तर कार्बन पुरवणारा दुसरा पदार्थ पाहावा लागतो. बारीक केलेले पाचट किंवा भाताचा पेंढा चालतो, मात्र तुकडे मोठे राहिले तर ते तरंगून वर साय धरतात आणि काला ढवळला जात नाही. भुसा मिसळलेले पोल्ट्रीचे लिटर, म्हणजे शेडमधले विष्ठेसकट अंथरूण, पाहून "यात कार्बन आहेच" असे काहींना वाटते. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा हा कार्बन असला तरी त्याला कडकपणा देणाऱ्या लिग्निनमुळे तो सूक्ष्मजीवांच्या हाती सहज लागत नाही, त्यामुळे कागदावर छान दिसणारे गुणोत्तर हौदात उतरत नाही. पचणारा कार्बन किती, हे विचारायला हवे. प्रकल्प अहवालांत एक टन खाद्यातून किती घनमीटर गॅस निघेल याची पाने भरलेली असतात. त्याच टनातून किती किलो नायट्रोजन आत येणार आणि तो कुठे जाणार, हा तक्ता कर्ज मंजूर करणाऱ्यांनी आणि जागा देणाऱ्या ग्रामपंचायतींनीही मागून घ्यावा.

स्लरीचे काय?

घुमटात जो अमोनिया त्रासाचा ठरला, तोच शेतात पिकाला लगेच लागू पडणारा नायट्रोजन आहे. विष्ठा मिसळलेल्या संयंत्राची स्लरी निव्वळ शेणाच्या स्लरीपेक्षा या बाबतीत सरस असते. पण तिचा सामू चढा असल्यामुळे उघड्या खड्ड्यात, उन्हात आणि वाऱ्यात तिच्यातला मुक्त अमोनिया हवेत उडून जातो, आणि महिनाभर वाळवलेल्या स्लरीत त्यातला फारच थोडा उरतो. ती ताजीच, संध्याकाळच्या वेळी, सरीत सोडून लगेच मातीआड केली तर हा नायट्रोजन जमिनीत राहतो. कोवळ्या रोपांच्या बुडाशी ती तशीच ओतली तर मुळांना चटका बसतो. त्यासाठी दोन ते तीन पट पाणी मिसळावे. मामांनी बाहेरच्या टाकीवर आता ताडपत्री टाकली आहे, आणि तिच्याशेजारून जाताना डोळे चुरचुरत नाहीत.